बदलीनंतर शनिवार-रविवारी शहरातल्या मित्रमैत्रिणींकडे मुक्कामाला जाणे

पाणंद:

नमस्कार. राज्य शासनाच्या सेवेत असल्यामुळे गेल्या वर्षी माझी बदली कुडाळला झाली. त्याआधीचे सगळे आयुष्य डोंबिवली-ठाणे भागात गेलेले असल्याने शाळा-कॉलेजपासूनच्या मैत्रिणी मुंबईच्या उपनगरांत आणि पुण्यात विखुरलेल्या आहेत. कुडाळला शेजार उत्तम मिळाला आणि इथे रुळायलाही वेळ लागला नाही. पण जुन्या मैत्रीचे नुसत्या फोनवर भागत नाही, असे माझे ठाम मत आहे. फोनवर आपण एकमेकींना बातम्या सांगतो. कोण आजारी आहे, कोणाची बढती झाली, मुलांना किती गुण मिळाले, हे सगळे त्यात येते. पण मनात काय घोळते आहे हे दोन दिवस एका घरात राहिल्यावर, मेथी निवडताना किंवा रात्री गाद्या घालताना सहज बाहेर येते, आणि त्यासाठी तिथे मुक्कामालाच जावे लागते. म्हणून अधूनमधून शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परतायचे, असा क्रम मी ठेवला आहे. त्यात जे बसवता आले ते इथे मांडते आणि काही प्रश्नही विचारते.

आधी प्रवासाविषयी. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, म्हणून शनिवार मोकळा मिळतो. मात्र सुट्टीच्या दिवशीही मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यावी लागते, आणि तो अर्ज बुधवार-गुरुवारपर्यंत दिलेला बरा. शुक्रवारी सव्वासहाला कार्यालय सुटल्यावर मुंबईची रात्रीची गाडी, कोकणकन्या एक्सप्रेस, आरामात मिळते. कोकणात राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे आपला प्रवास गर्दीच्या उलट दिशेने होतो. मुंबईची माणसे शुक्रवारी रात्री इकडे येतात आणि रविवारी रात्री परततात, तर आपण शुक्रवारी तिकडे निघतो आणि रविवारी इकडे येतो. त्यामुळे एरवीच्या आठवड्यांत आरक्षण त्यांच्यापेक्षा आपल्याला बऱ्यापैकी सहज मिळते. गणपती, शिमगा आणि मे महिना यांना हे लागू होत नाही. त्या दिवसांत मुंबईला जाणारी गाडी रिकामी असते, पण परतीला उभे राहायलाही जागा नसते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा परतीचे तिकीट आधी हातात घ्यावे आणि मगच मैत्रिणीला तारीख कळवावी.

परतीच्या तुतारी एक्सप्रेसबद्दल नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. ती दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे रविवारची जेवणे आटोपून आपण ज्या गाडीत बसणार, तिचे तिकीट सोमवारच्या तारखेचे काढावे लागते. पावसाळी वेळापत्रक लागू झाले की वेग कमी ठेवला जातो आणि मडगावहून संध्याकाळी सातला सुटणारी कोकणकन्या सहाला सुटते, म्हणून त्या महिन्यांत शुक्रवारची संध्याकाळ बरीच घाईची होते. सोमवारी कार्यालयाची पावणेदहाची वेळ गाडीच्या भरवशावर ठेवू नये. अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा आधीच टाकलेली असली की गाडीत झोप तरी शांत लागते.

आता मुख्य मुद्दा. माझे मत असे आहे की एका खेपेला एकच घर धरावे. शनिवारी सकाळी ठाणे, दुपारी बोरिवली, संध्याकाळी वाशी आणि रविवारी पनवेल असा दौरा आखला की प्रत्येक घरी चहा-पोहे होतात, फोटो निघतात आणि कुठेच बोलणे होत नाही. ज्या मैत्रिणीकडे उतरायचे तिच्या घरच्या दिवसात मिसळून जावे. तिला बाजारात जायचे असेल तर सोबत जावे, तिच्या मुलीचा वर्ग असेल तर दोघींनी जाऊन तिला सोडावे. तिने आपल्यासाठी वेगळा कार्यक्रम आखू नये, एवढे आधीच स्पष्ट सांगावे. आपण पर्यटनाला गेलेलो नसतो, आणि तिचीही ती आठवड्यातली एकमेव सुट्टी असते.

माझे प्रश्न असे आहेत. ज्यांच्याकडे असे पाहुणे येतात त्यांना हे प्रत्यक्षात कसे वाटते? घरात वडीलधारी मंडळी असतील, जागा लहान असेल, तर मुक्काम करावा का? आणि पुण्याला जाण्यासाठी कुडाळहून सोयीचा मार्ग कोणता?

डोंबिवली पूर्व:

ताई, लेखन आवडले आणि यजमानाच्या बाजूने उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण आमच्याकडे कोल्हापूर, नाशिक आणि कोकणातून असे मित्र नेहमी येत असतात. येणाऱ्याने पहिली गोष्ट गृहीत धरू नये ती म्हणजे यजमानाचा शनिवार. शासनाला पाच दिवसांचा आठवडा आहे, पण बँकांना सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, अनेक खासगी कंपन्या शनिवारी चालू असतात आणि बऱ्याच शाळा अर्धा दिवस भरतात. पत्नी बँकेत आणि मी कारखान्यात, अशा आमच्या घरी पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी सकाळी येणारा मित्र दारात उभा राहतो, तेव्हा आम्ही दोघेही डबे भरत असतो. म्हणून तारीख ठरवताना कॅलेंडरमधला दुसरा-चौथा शनिवार आधी पाहावा.

दुसरे म्हणजे पहाटेचे आगमन. कोकणातली गाडी ठाण्याला पहाटे पोहोचते आणि पाहुणा सहाच्या आत घरी येतो. आमच्या सोसायटीत सकाळी ठराविक वेळच पाणी असते. त्या वेळात आंघोळी, पिण्याचे पाणी भरणे, कपडे असे सगळे उरकायचे असते, आणि एकच न्हाणीघर असलेल्या घरात आणखी एक माणूस त्या रांगेत आला की सगळ्यांचे वेळापत्रक कोलमडते. आमचा एक मित्र याबाबत आदर्श आहे. तो येतो, चपला काढतो, चहा घेतो आणि हॉलमधल्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून सरळ झोपतो. नऊनंतर घर मोकळे झाले की मगच तो आंघोळीला जातो. त्याच्या येण्याने घरातल्या कोणालाही एका मिनिटाची अडचण झालेली नाही, आणि म्हणून माझी आई त्याची वाट पाहत असते.

तिसरे, रविवारचा मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बर मार्गांवर रविवारी दिवसा दुरुस्तीची कामे असतात, गाड्या वळवल्या जातात किंवा काही भागांत बंद राहतात. रविवारी दुपारी डोंबिवलीहून वाशीला किंवा चेंबूरला जायचे ठरवणाऱ्याने शनिवारीच वेळापत्रक पाहावे. तुमच्या 'एका खेपेला एक घर' या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे, त्याचे एक कारण हेही आहे.

कोथरूड डेपो:

मला मात्र एका घराचा आग्रह पटत नाही, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर मांडते. पुण्यात आम्ही कॉलेजच्या सहा मैत्रिणी राहतो. कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपरी, हडपसर असे पत्ते आहेत. एकाच शहरात असूनही आम्ही एकमेकींना महिनोन्महिने भेटत नाही, कारण पिंपरीहून हडपसरला सहज म्हणून कोणी जात नाही आणि 'भेटू कधीतरी' यावर सगळे थांबते. आमची सातवी मैत्रीण लातूरहून आली की मात्र सगळ्या वेळ काढतात, कारण ती परत जाणार असते आणि पुन्हा कधी येईल हे ठाऊक नसते. बाहेरगावची मैत्रीण येणे हेच शहरातल्या मैत्रिणींना एकत्र आणण्याचे निमित्त असते, आणि हे निमित्त तिने एकाच घरात संपवले तर बाकीच्या पाच जणींवर अन्याय होतो, असे मी खरोखर मानते. शिवाय जिच्याकडे ती उतरते तिलाही इतरांना नाराज करून मैत्रीण आपल्याकडे ठेवून घेतल्यासारखे वाटते.

आमच्याकडे आता असे ठरले आहे की लातूरची मैत्रीण मुक्काम एकीकडेच करते, पण शनिवारी संध्याकाळी सगळ्या त्याच घरी येतात. स्वयंपाकाचा भार यजमानीणीवर पडू नये म्हणून एकीने पोळ्या सांगायच्या, एकीने भाजी आणायची, एकीने गोड आणायचे, आणि ज्या घरी जमायचे तिने फक्त वरण-भाताचा कुकर लावायचा. हॉटेलात जमण्याचा प्रयोग आम्ही सोडून दिला, कारण तिथे शनिवारी रात्री टेबलासाठी बाहेर ताटकळावे लागते आणि जेवण झाले की उठावे लागते. पाहुणीने फिरायचे नाही, बाकीच्यांनी यायचे, एवढे पाळले तर ताईंचा हेतूही साधतो आणि कोणी वगळलेही जात नाही.

गडहिंग्लजकर:

पुण्याच्या मार्गाबद्दल लिहितो. कुडाळहून देशावर चढायला सोयीचे घाट तीन. कणकवलीच्या पुढे नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाट चढला की दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूर येते. तळेरे-वैभववाडीहून करूळ घाट चढला की गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. आणि सावंतवाडीहून आंबोली चढून आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला राष्ट्रीय महामार्ग गाठता येतो. करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी बराच काळ बंद होता, आणि पावसाळ्यात या तिन्ही घाटांत दरडीचा धोका असतोच, म्हणून जून ते सप्टेंबर निघण्याआधी डेपोत फोन करून कोणता घाट चालू आहे याची खात्री करावी. आंबोलीत पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्याजवळ वाहनांच्या रांगा लागतात, तेव्हा त्या दिवसांत तो मार्ग मी कोणाला सुचवणार नाही.

पण मुळात कुडाळ ते पुणे हा प्रवास दोन दिवसांच्या भेटीसाठी मोठा आहे. कोल्हापूर-पुणे महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामामुळे वेळेचा अंदाज चुकतो, आणि दोन रात्री बसमध्ये काढून सोमवारी कामावर जाणे चाळिशीनंतर अंगावर येते. माझी सूचना अशी की पुण्याच्या मैत्रिणीला कोल्हापूरला बोलवावे. अंतर दोघींत वाटले जाते, रंकाळ्यावर निवांत बसता येते, आणि यजमान कोणीच नसल्यामुळे कोणाच्या घरावर भार पडत नाही. मी आणि माझा नागपूरला बदलून गेलेला मित्र तर आता एकमेकांच्या गावी जातच नाही. आम्ही छत्रपती संभाजीनगरला भेटतो, कारण तिथे दोघांनाही एका रात्रीत पोहोचता येते.

शहापूर बेळगाव:

फोंडा-करूळपेक्षा आंबोलीचा रस्ता मला नित्याचा आहे, म्हणून एक भर घालते. ताई, तुमच्या यादीत बेळगाव आणि पणजी नाहीत याचे आश्चर्य वाटले. सावंतवाडीहून पणजी साठ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि बेळगावही आंबोलीमार्गे सकाळी निघून रात्री परतण्याच्या टप्प्यात येते. नव्या प्रदेशात राहायला गेल्यावर दर खेपेला जुन्याच शहराकडे तोंड केले, तर या बाजूची माणसे कधी जोडली जात नाहीत. बेळगावात तुमच्या कार्यालयातल्या कोणाचे ना कोणाचे माहेर असेलच, तिच्यासोबत एकदा या. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे, मात्र ती राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते, पुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

मुलुंड चेकनाका:

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नावर लिहितो, कारण इतरांनी तो सोडला आहे. माझ्या मित्राचे वडील दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. घर दोन खोल्यांचे आहे आणि रात्री कोणीतरी जागे असते. अशा घरी मुक्काम करू नये, आणि 'तुमच्याकडे अडचण असेल ना' असे विचारूही नये, कारण त्यावर तो 'छे, छे, ये की' असेच म्हणणार. मी माझ्या मावसभावाकडे उतरतो आणि मित्राला तसे आधीच कळवून टाकतो. शनिवारी दुपारी त्याच्याकडे जातो, काकांजवळ बसतो, आणि त्या तीन तासांत तो आणि वहिनी दोघे मिळून बाहेर पडतात. बँकेचे काम असते, कधी नुसते फिरून येतात. परत आल्यावर आम्ही बोलतो. आजारी माणसाच्या घरी जाणाऱ्या मित्राने त्यांना हे तीन तास द्यावेत. सफरचंदांच्या पिशवीपेक्षा त्याची गरज अधिक असते.

वेताळबांबर्डे:

पाणंद ताई, आमच्या कुडाळात तुमचे स्वागत आहे. मी इथलाच, वीस वर्षे मुंबईत नोकरी करून परत आलेला, म्हणून दोन्ही बाजू ठाऊक आहेत.

नेण्याच्या वस्तूंबद्दल थोडे. मुंबई-पुण्याच्या घरी मिठाईचा पुडा नेण्यात अर्थ नाही, ती त्यांच्या नाक्यावर मिळते. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, न्यावे, उकडे तांदूळ न्यावेत, हंगामात ओले काजूगर न्यावेत. आगळाच्या बाटलीची मात्र काळजी घ्यावी. काठोकाठ भरू नये, झाकणाखाली प्लास्टिकच्या कागदाची दुहेरी घडी ठेवून ते घट्ट पिळावे, वरून सुतळीने बांधावे आणि बाटली उभी राहील अशी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवावी, कपड्यांच्या बॅगेत कधीच ठेवू नये. आगळाचा डाग जात नाही. घरात लहान मूल असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे किंवा भोवरा न्यावा. मासे मात्र गाडीतून नेऊ नयेत. बर्फ वितळतो आणि डब्यातल्या सगळ्यांना त्रास होतो.

दुसरे, आणि हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही जाता तसेच त्यांनाही इकडे बोलवा. नेहमी एकाच बाजूने जाणे होत राहिले की यजमानाला ऋण वाटू लागते, आणि मग 'या वेळी नको, पाहुणे आहेत' अशी उत्तरे सुरू होतात. मे महिन्यात बोलावू नका, तिकीट मिळत नाही आणि उकाड्याने त्यांचे हाल होतात. गणपतीत इथल्या घरांत उसंत नसते. दिवाळीनंतर, त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास बोलवा. जत्रांचा हंगाम सुरू झालेला असतो, गावोगावी रात्रभर दशावतार चालतो, हवा चांगली असते आणि गाड्यांना गणपतीची गर्दी नसते. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेचा आठवडा टाळा, तेव्हा मुंबईहून येणाऱ्या गाड्या भरून येतात.

पाणंद:

सर्वांचे मनापासून आभार. कोथरूड डेपो यांचे म्हणणे पटले, आणि मुक्काम एकीकडे व संध्याकाळ सगळ्यांसोबत ही व्यवस्था ठाण्याच्या मैत्रिणींना मी आजच कळवली. बोरिवलीची मैत्रीण मात्र म्हणते की तिला ठाण्याला येणे जड जाते. वसई-बोरिवलीमार्गे वांद्रे-मडगाव गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली खरी, पण ती आठवड्यातून दोनच दिवस आहे आणि तिचे वार माझ्या शुक्रवार-रविवारशी जुळत नाहीत, तेव्हा बोरिवलीची खेप स्वतंत्रच करावी लागेल. कोल्हापूरला अर्ध्या वाटेवर भेटण्याची सूचना पुण्याच्या मैत्रिणीला फार आवडली. बेळगावचेही मनावर घेते. आमच्या कार्यालयातल्या लेखापाल बाईंचे माहेर खरोखरच टिळकवाडीत आहे. मुलुंड चेकनाका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या भावालाही वाचायला पाठवला.

वेताळबांबर्डे यांना एक विचारायचे आहे. त्रिपुरी पौर्णिमेनंतर सोनुर्लीची जत्रा असते असे ऐकले आहे. मैत्रिणी त्या वेळी आल्या तर त्यांनी कुडाळला उतरावे की सावंतवाडीला? आणि वंदे भारतने येता येईल का?

वेताळबांबर्डे:

वंदे भारत कुडाळला किंवा सावंतवाडीला थांबत नाही. कणकवलीला उतरून पुढे एसटीने यावे लागेल आणि सामान असेल तर ते जिकिरीचे होते, शिवाय ती शुक्रवारी नसतेच. त्यांनी कोकणकन्येने यावे आणि कुडाळलाच उतरावे. स्थानक तुमच्या घराजवळ आहे, आंघोळ-नाश्ता उरकून दिवसा विश्रांती घेता येईल. सावंतवाडी रोड स्थानक मळगावात आहे, शहरापासून दूर, त्यामुळे तिथे उतरून पुन्हा रिक्षा शोधण्यात अर्थ नाही. सोनुर्लीला मात्र संध्याकाळी लवकर निघा, लोटांगणे पाहायची असतील तर रात्री थांबावे लागते, आणि परतीच्या गाडीवाल्याशी येण्या-जाण्याचे दोन्ही ठरवून ठेवा. जत्रा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असते आणि ती शनिवारीच येईल असे नाही, तेव्हा आधी पंचांग पाहून तारीख काढा. तुमच्या मैत्रिणींना रजा टाकावी लागेल, म्हणून त्यांना आताच कळवलेले बरे.